दामूतात्या आणि दुसरी टाकी

दामूतात्या नळाचं पाणी चाखून सांगायचे, की ते कुणाच्या दारावरून आलंय.

ओंजळीत घोटभर पाणी घ्यायचं, तोंडात घोळवायचं, डोळे मिटायचे आणि जरा थांबून निकाल द्यायचा, "आज वरच्या आळीचं हाय." एखाद्या दिवशी "तेल्याच्या घाण्याकडचं", एखाद्या दिवशी "चावडीम्होरचं". मग ते पाणी गिळून टाकायचं. थुंकलेलं मी कधी पाहिलं नाही. मी नवा होतो. मला वाटलं, असतील आसपास अशी ठिकाणं, तिथून येत असेल पाइपलाइन. पुढे बॉयलरवरच्या लक्ष्मणनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की तात्यांचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्याखाली जाऊन पंधरा वर्षं होत आली. वरची आळी, घाणा, चावडी, सगळं तळाशी आहे. आणि आमच्या कारखान्याला पाणी फुगवट्यातूनच येत होतं.

त्या दिवसापासून मी कारखान्यातला चहा सोडला. चार दिवसांनी परत धरला, कारण बारामतीहून डबा आणता येतो, चहा आणता येत नाही.

ही नव्वदनंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. लोणी देवकरच्या माळावर तेव्हा कारखान्यांच्या शेड नुकत्या उभ्या राहत होत्या, आणि दोन शेडच्या मध्ये अजून मेंढरं चरायची. आमचा कारखाना सूत रंगवायचा. मी बारामतीचा, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेला, वय चोवीस. रोज एसटीनं भवानीनगरवरून यायचो. गळीत हंगामात तिथल्या साखर कारखान्याच्या मळीचा वास शर्टात घेऊनच कारखान्यात शिरायचो. तिथं मला सगळे साहेब म्हणत आणि ते मला फार लवकर अंगवळणी पडलं.

सूत रंगवायला पाणी मऊ लागतं. जड पाण्यात क्षार असतात, चुना असतो. त्यात रंगवलेल्या धाग्यावर ढगासारखे डाग उठतात आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतं. म्हणून पाणी आधी सॉफ्टनरच्या टाकीतून जाई. माणसापेक्षा थोडी उंच लोखंडी टाकी, तिच्या पोटात राजगिऱ्याएवढे पिवळे दाणे. जड पाणी वरून आत जायचं, दाणे त्यातला चुना धरून ठेवायचे, खालून मऊ पाणी बाहेर. दिवसभरात दाण्यांची धरायची ताकद संपे, म्हणजे टाकी भरे. मग तिला जाड्या मिठाचं पाणी पाजायचं. दाणे धरून ठेवलेलं सगळं सोडून देत आणि ते खारं पाणी मोरीच्या पाइपातून मागच्या चरात वाहून जाई. ह्याला दीड तास लागे आणि तेवढा वेळ कारखान्याला मऊ पाणी नाही. म्हणून हे काम जेवणाच्या सुट्टीत, भर दुपारी चालायचं. हे काम दामूतात्यांचं.

पन्नाशी ओलांडलेला किडकिडीत माणूस. डोक्यावर टोपी, पायात टायरच्या वहाणा, आणि मोरीच्या व्हॉल्व्हची चावी करदोट्याला बांधलेली. ती चावी दुसऱ्या कुणाला लावू देत नसत. बोलणं बेताचं. त्यातले दोन शब्द दिवसातून पन्नास वेळा, "घाई न्हाय." मालक गाडीतून उतरून ओरडत यायचे, रंगाचं पातेलं तापलंय, पाणी कुठंय म्हणून. तात्या टाकीवर बोटाच्या सांध्यानं तीनदा टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "घाई न्हाय. अजून बोलतीय." मालकांची हे ऐकून कानशिलं लाल व्हायची, पण तात्यांच्या हातचं पाणी कधी फसलं नव्हतं. त्यामुळे ते पुन्हा गाडीत जाऊन बसायचे.

ही टाकी बोलते म्हणजे काय, हे बघायला मीही एकदा कान लावला. आतून एकसारखी कुजबूज येत होती. बरीच माणसं बारीक खडीवरून अनवाणी चाललीत आणि चालता चालता हळू आवाजात काही ठरवतायत, असं वाटलं. पाणी दाण्यांतून जाताना असा आवाज होणारच, हे मला कळत होतं. तरी मान काढून घेतली तेव्हा हातावर काटा होता.

"काय म्हणत्यात?" तात्यांनी विचारलं.

मी म्हणालो, काही नाही.

"तुमाला न्हाय कळायचं," ते समजुतीनं म्हणाले. "तुमी बारामतीचं."

माझ्या बी.एस्सी.चा हा अपमान मला झोंबला. मी ठरवलं, तात्यांची चांगली जिरवायची. महिनाभर मी पाण्याच्या वहीत पुढच्या पानावर माझ्या तपासणीत आलेला जडपणा लिहीत होतो आणि मागच्या पानावर तात्यांचा सकाळचा निकाल. महिना संपला की दोन्ही पानं त्यांच्यासमोर धरायची आणि सगळ्या कारखान्यादेखत हसायचं, असा बेत होता. महिना संपला. मी पानं शेजारी शेजारी ठेवली. "वरच्या आळीचं" ज्या ज्या दिवशी, त्या त्या दिवशी जडपणा कमी. "चावडीम्होरचं" असेल तेव्हा मध्यम. आणि काही दिवस असे होते, की तात्या नुसतं पाणी गिळून गप्प बसले होते आणि मी तिथं रेघ मारली होती. महिन्यातले सगळ्यांत जड पाण्याचे दिवस तेच होते, एकही चुकला नव्हता.

मी मागचं पान फाडून बॉयलरमध्ये टाकलं. ह्याचंही काहीतरी शास्त्रीय कारण असेल, वारा, पाण्याची पातळी वगैरे. मी ते शोधायला गेलो नाही.

वर्षातून एकदा बॉयलर उघडून साफ करत. टाकीतून निसटलेला थोडाफार चुना नळ्यांवर बसून त्याचा थर झालेला असे. तो ठोकून काढला की पांढरे, पातळ, बाकदार तुकडे पडायचे. लक्ष्मण ते पाटीत भरून उकिरड्यावर टाकायला निघाला की तात्या आडवे यायचे. ते तुकडे एकेक करून धोतराच्या फडक्यात बांधायचे, सायकलच्या हँडलला लावायचे आणि सुटल्यावर फुगवट्याच्या काठी जाऊन पाण्यात सोडायचे. मी एकदा विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "घरचं घरी." लक्ष्मण हसला. मला तो बाकदार तुकडा हातात घेऊन का कोण जाणे, हसू आलं नाही.

पण सगळ्यांत विलक्षण ती दुपारची वेळ. भोंगा झाला, माणसं डबे घेऊन लिंबाखाली गेली, यंत्रं थांबली, की माळावर एकदम इतकी शांतता व्हायची की पत्रे तापून कुरकुरलेले ऐकू यायचे. उन्हात कुणाची सावलीसुद्धा दिसायची नाही. तेव्हा तात्या वहाणा काढून ठेवायचे. टाकीत मीठ सोडायचे, मोरीचा व्हॉल्व्ह उघडायचे, पाइपाच्या तोंडाशी उकिडवे बसायचे आणि येणाऱ्या पाण्याखाली तळहात धरायचे. दीड तास. भाकरी नंतर खायचे. एकदा मी वही न्यायला मागच्या दारानं आलो आणि त्यांचा आवाज ऐकला. इतक्या मऊ आवाजात तात्या बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

"आलीस? बस. घाई न्हाय."

मी भोवती पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मी पावलं न वाजवता परत गेलो आणि उरलेली सुट्टी लिंबाखाली माणसांच्या अगदी मधोमध बसून काढली.

आता त्या टाक्यांच्या भानगडीकडे येतो. जुनी टाकी गंजून पाझरायला लागली होती. त्यात कामं वाढली, आणि मालकांनी जेवणाच्या सुट्टीतही यंत्रं चालू ठेवायचं ठरवलं. माणसं पाळीपाळीनं जेवतील, पण पाणी बंद पडता कामा नये. मालक मला म्हणाले, तुम्ही शिकलेले आहात, आठ दिवसांत सांगा, एकच मोठी टाकी घ्यायची की दोन टाक्यांची जोडी. मोठी टाकी घेतली तर ती दोन दिवसांनी भरेल, पण भरेल तेव्हा कारखाना थांबणारच. जोडी घेतली तर एक मीठ खात असेल तेव्हा दुसरी पाणी देईल. माझ्या दृष्टीनं ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

पुण्याहून एक विक्रेता आला. टाय लावलेला, बॅगेत रंगीत कागद आणि एक नमुना. जोडटाकीच्या डोक्यावर बसवायचा तो व्हॉल्व्ह होता, विजेवर चालणारा. किती पाणी गेलं हे तो स्वतः मोजतो, टाकी भरली की स्वतः फिरतो, मीठ घेतो, मोरी उघडतो, बंद करतो. माणूस लागत नाही. विक्रेत्यानं तो टेबलावर ठेवून वीज जोडली. त्यानं टकटक केलं आणि मग कुणी हात न लावता सावकाश मान वळवली. तात्या दोन पावलं मागे सरले. मग पुढे येऊन त्यांनी विक्रेत्याला विचारलं, ह्याला कळतं का, टाकी कधी भरली ते. विक्रेता म्हणाला, मोजतो ना तो. तात्या म्हणाले, "मोजतंय. कळत न्हाय." आणि मिठाची रिकामी गोणी आणून त्या नमुन्यावर टाकली. विक्रेता बिचारा गोणीकडे बघत राहिला, कारण आत टकटक चालूच होती.

मालक मात्र खूश होते. दोन टाक्या स्वयंचलित झाल्या, की तात्यांना गेटवर बसवायचं, हे त्यांनी तिथंच बोलून दाखवलं. पगार तोच, काम कमी, वर पंखा. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. तात्यांचा चेहरा मातीसारखा झाला.

त्यानंतरचे दिवस तात्यांनी माझं डोकं खाल्लं. एकच टाकी घ्या, कितीही मोठी घ्या, पण एकच. आधी म्हणाले, दोन टाक्या म्हणजे एक कायम बसून खाणार. मी म्हणालो, पाळीनं खातील. मग म्हणाले, एका छपराखाली दोघी सुखानं राहत नाहीत, एकमेकींचं मीठ चोरतील. मी हसलो. तेव्हा ते जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, एक चालू आसंल तवा दुसरीत पानी नुसतं हुबं ऱ्हाणार. अंधारात. ते तितं काय करतंय, कुणी बघितलंय का?" त्या दिवशी एसटीत बसल्यावर हे वाक्य माझ्या शेजारी येऊन बसलं आणि बारामतीच्या स्टँडपर्यंत उठलं नाही.

एक कबुली इथंच देऊन टाकतो. तात्यांचा हा जो काही छंद होता, त्याला मीच खतपाणी घातलं होतं. कामावर लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मालकांनी मला कामगारांना पाण्याची माहिती द्यायला सांगितलं होतं. मी फळा मागवला आणि कॉलेजातल्या सरांसारखा हात मागे बांधून बोललो. पाणी ज्यावरून जातं ते थोडं थोडं विरघळवून बरोबर आणतं. पाण्याचा जडपणा म्हणजे मुख्यतः चुना. भिंतीत असतो तो, आपल्या दातांत, हाडांत असतो तोच. टाकीतले दाणे तो धरतात आणि मिठाचं पाणी दिलं की सोडतात. सगळे पेंगत होते. फक्त तात्या टक लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, विरघळलं म्हणजे ते संपलं का? मी खूश झालो. असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी कुणाला आवडत नाही? मी म्हणालो, "नाही तात्या. जगात काहीच संपत नाही. फक्त दिसत नाही."

आठ दिवसांतला सातवा दिवस उजाडला. मी सकाळी लवकर पोचलो. मोठी ऑर्डर लागली होती, दुपारी पाणी बंद ठेवणं परवडणार नव्हतं. तात्या अजून आले नव्हते, परगावाहून परतताना त्यांची एसटी बंद पडल्याचा निरोप होता. मी म्हटलं, आपणच टाकी धुऊन घेऊ, त्यात काय मोठं. चावी तात्यांच्या करदोट्याला होती, म्हणून मोरीचा व्हॉल्व्ह पान्यानं उघडला. मीठ सोडलं, वेळ लावली, लक्ष्मणला नजर ठेवायला सांगून ऑफिसात जाऊन बसलो. लक्ष्मण बॉयलरकडे गेला.

पाऊण तासानं पाणी तपासलं. बाटलीत पाणी, त्यात साबणाचे थेंब, हलवलं की फेस आला पाहिजे. फेस आला नाही, नुसती पांढरी साय धरली. पुन्हा मीठ दिलं. पुन्हा साय. तिसऱ्यांदा दिलं. टाकी काही मऊ पाणी द्यायला तयार होईना. मालकांच्या दोन फेऱ्या झाल्या. रंगाची पातेली थंड पडली. बारा वाजून गेले आणि मी घामाघूम होऊन बाटली हलवत उभा असताना तात्या पोचले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मागच्या चरात ओल होती, तिकडे पाहिलं. कडेनं वाळून पांढरी रेघ उमटली होती.

"सकाळी सोडली व्हय?"

मी हो म्हणालो.

"कुणी हुतं का तितं?"

मला कळेना. कुठं?

"पायपाम्होरं. ती आली तवा."

मी म्हणालो, नाही, मी ऑफिसात होतो. कोण ती, तात्या?

तात्या खाली बसले. टोपी काढून हातात धरली. लिंबाखाली माणसं जेवत होती, पण तो आवाज फार लांबून येत होता. मीही त्यांच्याजवळ मातीत बसलो, पँटची पर्वा न करता. साहेबपण पहिल्यांदाच अंगावरून उतरलं.

ते जमिनीकडे बघून बोलले. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर एक पोरगी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली. बारसं बाराव्या दिवशी असतं, त्यामुळे नावसुद्धा ठेवलं नव्हतं. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. घरामागच्या परड्यात, पांढऱ्या मातीच्या भिंतीलगत त्यांनी तिला ठेवली. पुन्हा मूल झालं नाही. मग धरण आलं, गाव उठलं.

"लोकांनी देव उचललं," तात्या म्हणाले. "दारं उचलली, तुळया उचलल्या. आमी बी समदं उचललं, आडाचा रहाट बी आणला. तिला कशी उचलायची? नऊ दिसाची हुती. म्या उकरून बघितलं, साहेब. काय घावलंच न्हाय. माती हुती निस्ती."

बोलण्यासारखं माझ्याकडं जे होतं ते मी फळ्यापुढे उभं राहून कधीच बोलून बसलो होतो.

"मंग तुमी सांगितलं, काय संपत न्हाय. रोज दुपारी येती. परड्यातलं पानी येतंय त्या दिशी म्या कुणाला सांगत न्हाय. येती, घटकाभर हातावर बसती आन जाती. आज आली आन कुणीच न्हवतं."

माझ्या बेजबाबदार विद्वत्तेची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांना सांगावं का, की तात्या, तो चुना साऱ्या माळाचा आहे, साऱ्या डोंगरांचा आहे? शास्त्र म्हणून ते खरं होतं. पण मागच्या पानावरच्या त्या रेघा मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या आणि मला धीर झाला नाही.

थोड्या वेळानं तात्या उठले. वहाणा काढल्या. टाकीवर तीनदा टकटक केलं. मीठ चौथ्यांदा सोडलं, अगदी थोडं, चावीनं मोरी उघडली आणि पाइपाशी उकिडवे बसले. मला ऐकू येईल असं ते बोलले, लाजले नाहीत, "चुकलं. बस. घाई न्हाय." मी घड्याळ पाहिलं नाही. मालक आले, त्यांना मी हात करून लांबच थांबवलं आणि आश्चर्य म्हणजे ते थांबले. तात्या उठले तेव्हा मी बाटलीत पाणी घेतलं, साबणाचे थेंब टाकले, हलवलं. बाटली तोंडापर्यंत फेसानं भरली.

मला विचाराल तर मी सांगेन, की सकाळी मिठाला मुरायला वेळ मिळाला नव्हता, मी घाई केली होती. लक्ष्मणला विचाराल तर तो विषय बदलेल.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं, दोन टाक्या घ्या. तात्या दाराशीच होते, त्यांनी मान खाली घातली. मी पुढे म्हणालो, पण ते विजेचं डोकं नको. आपल्याकडं वीज दिवसातून चार वेळा जाते, त्याचं घड्याळ भलत्याच वेळी फिरेल आणि माल बिघडेल. हातानं फिरवायचे व्हॉल्व्ह घ्या, स्वस्तही पडतील, आणि त्याला जाणता माणूस लागेल. ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं, त्यामुळे माझा आवाज चढा लागला. मालकांनी स्वस्त हा शब्द ऐकला आणि बाकीचं मान्य केलं.

बाहेर आल्यावर मी तात्यांना समजावून सांगितलं. एक टाकी कारखान्याला पाणी देणार, तेव्हा दुसरी मोकळी. तिला दुपारी मीठ द्यायचं. दीड तासानं कुणी ओरडणार नाही, कारण कारखाना पहिलीवर चालू आहे. संध्याकाळपर्यंत बसलात तरी चालेल. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. "एक टाकी कारखान्याची, एक तुमची," मी म्हणालो. "घाई नाही."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "मंग ती कंच्या टाकीत येनार?"

"आज ह्या, उद्या त्या. दोन्हीत."

"म्हंजी दोन खोल्या," तात्या म्हणाले. "आमचं घर एका खणाचं हुतं."

टाक्या बसल्या त्या दिवशी तात्या बायकोला घेऊन आले. कौसाकाकूंना मी तोवर पाहिलं नव्हतं. ठेंगणी बाई, डोक्यावर पदर, हातात फडक्यानं झाकलेलं पातेलं. पातेल्यात हरभऱ्याच्या घुगऱ्या. त्यांनी सगळ्यांना मूठ मूठ वाटल्या. लक्ष्मणनं विचारलं, कशाच्या घुगऱ्या काकू? त्या म्हणाल्या, नव्या टाकीच्या. लक्ष्मणनं खाल्ल्या. मी माझी मूठ हातातच धरून ठेवली, कारण आमच्याकडे घुगऱ्या बारशाला वाटतात.

यंत्रं चालू होती, तरी टाक्यांच्या मागे शांत होतं. तात्यांनी वहाणा काढल्या, काकूंनीही. मोरी उघडली. काकूंनी पाण्याखाली हात धरला, बोट जिभेला लावलं.

"खारट हाय," त्या म्हणाल्या.

"खारटच आसतंय."

मग काकू दुसऱ्या टाकीशी गेल्या. दोन्ही हातांचा आडोसा करून त्यांनी टाकीच्या पत्र्याला तोंड लावलं आणि कुर्रर्र केलं. बाळाच्या कानात करतात तसं. त्यानंतर एक शब्द बोलल्या. तात्यांनी त्यांच्या पाठीत हलकेच धपाटा घातला, बारशात आत्याला घालतात तसा, आणि दोघंही लहान मुलांसारखे खुदकन हसले. आतली कुजबूज तेवढ्यापुरती थांबली होती. व्हॉल्व्ह बदलताना ती थांबतेच. तरी मी तिथून हललो, कारण ते नाव माझ्यासाठी नव्हतं.

पुढे वर्षभरानं तात्या पुतण्याच्या लग्नाला सोमेश्वरनगरला दोन दिवस गेले. करदोट्याची चावी सोडून माझ्या हातात दिली. काही सांगितलं नाही. परत आले तेव्हा मी वही लिहीत होतो. त्यांनी नळाचं पाणी चाखलं, गिळलं आणि गप्प राहिले. मग माझ्या टेबलाशी आले.

"काल दुपारी कुणी हुतं का तितं?"

"मी होतो," मी म्हणालो.

"शेवटपातुर?"

"शेवटपर्यंत."

ते माझ्या बुटांकडे बघत राहिले.

"काढले होते, तात्या," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि चावी करदोट्याला बांधत टाक्यांकडे गेले.